पंख्याची सूत्रे कोणाच्या हाती?

मार्च २०१० च्या सुरुवातीला एनव्हीडियाने आपल्या ग्राफिक्स कार्डांसाठी १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर काढला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला. चिप तापली की पंख्याने वेग घ्यायचा, एवढी साधी गोष्ट त्या ड्रायव्हरमुळे काही कार्डांवर होईनाशी झाली होती. खेळ रंगात येई, चिप तापत जाई आणि पंखा मात्र संथच फिरत राही. ब्लिझार्ड या गेम बनवणाऱ्या कंपनीने आपल्या खेळाडूंना जुन्या ड्रायव्हरवर परत जायला सांगितले. कार्डे निकामी झाल्याच्या तक्रारीही आल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या ‘क्रिमसन’ सॉफ्टवेअरच्या बाबतीत जवळजवळ हेच घडले. काही कार्डांचे पंखे २० टक्क्यांच्या आसपास अडकून बसले आणि कंपनीला आठवडाभराच्या आत दुरुस्तीची आवृत्ती आणावी लागली.

दोन्ही वेळा पंखे धडधाकट होते. मोटर चालू होती, तारा जागेवर होत्या. चुकला तो हुकूम. संगणकातला पंखा आज स्वतःच्या मर्जीने फिरत नाही. चिप, मदरबोर्डवरचे फर्मवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर आणि वापरणाऱ्याने स्वतः बसवलेला प्रोग्रॅम असे अनेक जण त्याच्यावर हक्क सांगतात. यांपैकी शेवटचा शब्द कोणाचा आणि तो शब्द देणाराच बंद पडला तर काय, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

पंखा कायम पूर्ण वेगाने का फिरवू नये, असे कोणीही विचारील. याचे उत्तर पंख्यांच्या गणितात आहे. पंखा ढकलतो ती हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण वीज एक अष्टमांशच लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलचा फरक कानाला दुपटी-निमपटीसारखा जाणवतो, म्हणजे हा लाभ किती मोठा आहे ते ध्यानात यावे. उलट दिशेने मात्र व्यवहार तोट्याचा ठरतो. मधल्या वेगापासून वर चढताना प्रत्येक वाढीव शंभर फेऱ्यांमागे तापमान कमी कमी उतरते आणि आवाज तेवढा वाढतच जातो. शेवटच्या टप्प्यात एक-दोन अंशांसाठी खोली भरून टाकणारी घरघर सोसावी लागते. पंख्याच्या वेगाचे नियंत्रण म्हणजे या दोन टोकांमध्ये जागा शोधणे.

सुरुवातीच्या संगणकांना हा प्रश्न पडलाच नाही, कारण तिथे एक तर पंखा नव्हता किंवा होता तो एकाच वेगाचा. १९७७ च्या ‘ॲपल टू’मध्ये पंखा असू नये असा स्टीव्ह जॉब्सचा आग्रह होता आणि रॉड होल्टने कमी तापणारा वीजपुरवठा रचून तो पुरा केला. तोच आग्रह १९८० च्या ‘ॲपल थ्री’ला भोवला. आत तापून चिपा आपल्या खोबणीतून सैल होत. यंत्र काही इंच उचलून खाली सोडा म्हणजे त्या पुन्हा बसतील, असा सल्ला ग्राहकांना दिला गेला. १९८१ च्या आयबीएम पीसीत वीजपुरवठ्याच्या डब्यात पंखा होता आणि तो बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत एकाच सुरात फिरत असे. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर हीटसिंक व पंखा ही जोडी रुळली. तेव्हापासून डब्यातल्या पंख्यांची संख्या वाढत गेली आणि आवाजाची कुरकुरही.

आधीचे उपाय ओबडधोबड होते. तीन तारांच्या पंख्यात एक तार १२ व्होल्टची, एक जमिनीची आणि तिसरी वेग कळवणारी. वेग कमी करायचा तर व्होल्टेज उतरवायचे. हौशी मंडळी पंख्याची एक तार १२ व्होल्टला आणि दुसरी ५ व्होल्टला जोडत आणि मधल्या ७ व्होल्टवर पंखा शांत करून घेत. यात एक अडचण होती. एका मर्यादेखाली व्होल्टेज गेले की फिरता पंखा फिरत राहतो, पण थांबलेला पंखा सुरूच होत नाही. इंटेलने चार तारांच्या पंख्याचा आराखडा मांडला तेव्हा ही अडचण बरीचशी सुटली. २००५ मध्ये पक्क्या झालेल्या या आराखड्यात मोटरला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत जातो. त्यातला ‘चालू’चा वाटा जितका मोठा, तितका वेग जास्त. २५ हजार हा आकडा निवडण्यामागे व्यवहारी कारण आहे. माणसाचा कान साधारण २० हजारांपर्यंतच ऐकतो, त्यामुळे या चालू-बंदची शिट्टी ऐकू येत नाही. वेग कळवणारी तार पूर्वीसारखीच राहिली. प्रत्येक फेरीमागे ती दोन ठोके देते आणि मदरबोर्ड ते मोजून फेऱ्यांचा आकडा काढतो.

ठोके मोजणारी आणि संकेत देणारी चिपही याच काळात आकाराला आली. १९९० च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टरच्या ‘एलएम ७८’सारख्या चिपा तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचा वेग मोजू लागल्या. पुढे हे काम मदरबोर्डवरच्या ‘सुपर आय-ओ’ चिपेकडे गेले. आयटीई आणि विनबाँड (नंतरची नुव्होटॉन) या तैवानी कंपन्यांच्या चिपा आजही जगभरच्या डेस्कटॉपांवर आढळतात. लॅपटॉपमध्ये तेच काम ‘एम्बेडेड कंट्रोलर’ करतो. कीबोर्ड, बॅटरी, झाकण आणि पंखा सांभाळणारा तो एक छोटा स्वतंत्र संगणकच असतो. मुख्य प्रोसेसर गोठला, विंडोज कोसळले, तरी तो आपले काम करत राहतो. पुढच्या सगळ्या चर्चेत हा मुद्दा कळीचा आहे.

त्याच्याही खाली संरक्षणाचा आणखी एक थर असतो, तो खुद्द प्रोसेसरमध्ये. २००१ च्या सप्टेंबरात ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू संगणकांवरचे हीटसिंक काढून टाकण्याचा प्रयोग चित्रित केला. पेंटियम ४ ने आपली गती आपणच उतरवली आणि तो चालत राहिला. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. त्या चित्रफितीने सामान्य ग्राहकालाही पटवले की तापमानावरची अखेरची राखण चिपेतच असायला हवी. आज ती सगळीकडे असते. प्रोसेसर आपल्या मर्यादेला पोचला की गती कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद करतो. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंशांची आहे.

या राखणीमुळे पंख्याच्या नियंत्रणाचा अर्थच पालटला. पूर्वी पंखा चुकला तर चिप जळे, आता बहुधा चिप मंदावते. एएमडीचे ‘रायझन ७०००’ मालिकेतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर २०२२ मध्ये आले, ते जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेले होते. थंडावा शिल्लक असेल तर ते आणखी वेग घेतात आणि पुन्हा ९५ ला येऊन टेकतात. ‘८० अंशांना पंखा पूर्ण वेगाने’ हा जुना हिशेब अशा चिपेला लावला तर पंखा आक्रोश करील आणि तापमान तरीही ९५ च राहील. चिपेच्या आकड्याकडे पाहून घाबरण्याची सवय अनेकांनी अजून सोडलेली नाही. पंख्याचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही ती सोडायला हवी.

वापरणाऱ्याच्या हाती नियंत्रण देण्याचे पहिले मोठे प्रयत्न लिनक्समध्ये झाले. ‘एलएम-सेन्सर्स’ हा प्रकल्प १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. पुढे ज्याँ देल्वार आणि ग्युंटर रॉक यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे राबून या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आणले व सांभाळले. लिनक्समध्ये आज प्रत्येक सेन्सर आणि पंखा साध्या फायलीसारखा दिसतो. एका फाइलीत तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असते, म्हणजे ४५ अंश असतील तर ४५०००. दुसऱ्या फाइलीत पंख्याचा हुकूम शून्य ते २५५ या आकड्यांत असतो. तिसरीत सूत्रे कोणाकडे आहेत ते लिहिलेले असते. तिथे १ असेल तर वापरणाऱ्याकडे, त्याहून मोठा आकडा असेल तर चिपेच्या स्वयंचलित व्यवस्थेकडे. मोकळेपणाचे याहून सुंदर उदाहरण या क्षेत्रात दुसरे नाही. चार ओळींचा स्क्रिप्टही पंखा चालवू शकतो.

‘एलएम-सेन्सर्स’च्याच संचातले एक साधन प्रत्येक पंखा आळीपाळीने थांबवून कोणत्या वेगमापकाचा आकडा पडतो ते पाहते आणि कोणता हुकूम कोणत्या पंख्याला लागू आहे हे त्यावरून ठरवते. इतका द्राविडी प्राणायाम का, तर मदरबोर्ड बनवणारे ही जोडणी सांगतच नाहीत. चिपेला सहा-सात सेन्सर जोडता येतात. त्यांतला कोणता प्रोसेसरचा, कोणता बोर्डाचा आणि कोणता मुळात जोडलेलाच नाही, हे बोर्डागणिक बदलते. काही वेळा पडद्यावर उणे किंवा १२७ अंश असे वेडेवाकडे आकडे दिसतात, ते अशाच मोकळ्या टोकांचे.

विंडोजवर ही वाट अधिक खडतर होती. अल्फ्रेडो मिलानी कोंपारेती या इटालियन प्रोग्रॅमरचे ‘स्पीडफॅन’ अनेक वर्षे या कामातले पहिले नाव होते. एकट्या माणसाने शेकडो बोर्डांचे बारकावे हुडकून ते मोफत दिले. नंतर त्याच्या नव्या आवृत्त्या थांबल्या आणि नव्या चिपा त्याला ओळखता येईनाशा झाल्या. मायकेल म्योलरच्या ‘ओपन हार्डवेअर मॉनिटर’मधून ‘लिब्रे हार्डवेअर मॉनिटर’ फुटले आणि त्या पायावर रेमी मर्सियेचे ‘फॅन कंट्रोल’ उभे राहिले. हौशी वर्तुळांत आज त्याचा बोलबाला आहे. ग्राफिक्स कार्डांसाठी अलेक्सेई निकोलायचुक यांनी घडवलेले ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ आणि पाण्याने थंड होणाऱ्या संचांसाठी जोनास मालाको यांनी सुरू केलेले ‘लिक्विडसीटीएल’ ही त्याच परंपरेतली नावे. कंपन्यांची अधिकृत सॉफ्टवेअरे असूनही लोक इकडे वळतात, कारण ही साधने एकेकट्या ब्रँडच्या कुंपणात अडकत नाहीत.

पण या साधनांच्या पायाशी एक भेग आहे. सुपर आय-ओ चिपेशी बोलायचे तर दोन पावले टाकावी लागतात. आधी एका दारावर ‘अमुक क्रमांकाची नोंद हवी’ असे सांगायचे, मग दुसऱ्या दारावर आकडा लिहायचा. या दोन पावलांच्या मध्ये मदरबोर्डच्या फर्मवेअरने त्याच चिपेशी बोलायला सुरुवात केली, तर आकडा भलत्याच नोंदीत जाऊन पडतो. कधी पंखा थांबतो, कधी तापमान खोटे दिसते. म्हणूनच फर्मवेअरने ती जागा आपली म्हणून राखली असेल, तर लिनक्स आपला ड्रायव्हर तिथे बसू देत नाही. तो अडसर सैल करण्याचा पर्याय कर्नलमध्ये आहे आणि बेधडक तो वापरणारे खूप आहेत. बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. तरीही एका चिपेचे दोन मालक, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, ही व्यवस्था चांगली म्हणता येणार नाही.

विंडोजमध्ये भेग आणखी खोल निघाली. साध्या प्रोग्रॅमला अशा दारांपर्यंत पोचता येत नाही, त्यासाठी कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर लागतो. ‘विनरिंग झिरो’ नावाचा असा एक जुना, डिजिटल स्वाक्षरी असलेला ड्रायव्हर तयार मिळत होता. पंखे, रोषणाई आणि तापमान पाहणाऱ्या असंख्य प्रोग्रॅमांनी तो उचलला. तो इतका सढळ होता की संगणकावरचा कोणताही प्रोग्रॅम त्याच्या आडून थेट हार्डवेअरला हात घालू शके. २०२० मध्ये त्यातला धोका अधिकृतपणे नोंदला गेला आणि २०२५ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने तो पकडायला सुरुवात केली. एका सकाळी जगभर लोकांचे पंख्यांचे प्रोग्रॅम ‘घातक’ ठरून बाजूला काढले गेले. पंख्यांवरचा ताबा गेल्याने अनेक जण चिडले आणि त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण मायक्रोसॉफ्टची भीतीही खरी होती. शेवटी ‘फॅन कंट्रोल’ आणि त्याचा पाया असलेले ‘लिब्रे हार्डवेअर मॉनिटर’ ही दोन्ही ‘पॉनआयओ’ या नव्या ड्रायव्हरकडे वळली. हा ड्रायव्हर कोणालाही सगळी दारे उघडून देत नाही, ठरावीक काम करणारी, तपासून स्वाक्षरी केलेली छोटी मॉड्यूलेच तो चालवतो.

या प्रसंगात दोष कोणाचा? मोफत साधने लिहिणाऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे. परंतु पंख्याचा वेग बदलण्यासारख्या निरुपद्रवी कामासाठी कर्नलचे दार फोडण्याची वेळ त्यांच्यावर आली, ती बोर्ड बनवणाऱ्यांनी सरळ रस्ता ठेवला नाही म्हणून. माहिती दडवल्याने यंत्र सुरक्षित झाले नाही, उलट असुरक्षित आडवाटा तयार झाल्या.

पंखा म्हटला की सुरक्षेचा संबंध इतपतच, असे कोणाला वाटत असेल तर इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातले काम पाहावे. मोर्देखाय गुरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘फॅनस्मिटर’ मांडला. कोणत्याही नेटवर्कला न जोडलेल्या आणि स्पीकरही नसलेल्या संगणकात घुसलेले घातक सॉफ्टवेअर पंख्याचा वेग दोन आकड्यांमध्ये वरखाली करते आणि त्या आवाजातून एक-शून्य बाहेर पाठवते. खोलीतला फोन ते टिपून घेतो. वेग ताशी ९०० बिटांपर्यंत, अंतर आठ मीटरपर्यंत. एखादा पासवर्ड किंवा गुप्त किल्ली चोरायला तेवढे पुष्कळ झाले.

आता फॅन कर्व्ह, म्हणजे अमुक तापमानाला अमुक वेग सांगणारा आलेख. वरवर पाहता काम दोन मिनिटांचे. चांगला कर्व्ह आखणे मात्र कसबाचे आहे आणि बहुतेकांचा ताप इथेच सुरू होतो. माणसाला स्थिर आवाजापेक्षा बदलता आवाज अधिक खुपतो. प्रोसेसरचे तापमान ब्राउझरची एक खिडकी उघडताच क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारते आणि तितक्याच झटकन उतरते. हीटसिंकच्या धातूला मात्र तापायला बराच वेळ लागतो. पंखा त्या उडीमागे धावला तर तो दिवसभर वरखाली हुंदके देत राहतो आणि त्यातून पदरात काही पडत नाही. म्हणून काही सेकंदांची सरासरी घ्यावी, वेग चढायला आणि त्याहून जास्त उतरायला वेळ द्यावा. पाण्याने थंड होणाऱ्या संचात तर प्रोसेसरऐवजी पाण्याचे तापमान पाहावे, कारण ते मिनिटामिनिटाने हलते.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकाचे उदाहरण नेटके आहे. त्याचा पंखा ५० अंशांना सुरू होतो, पुढे ६०, ६७.५ आणि ७५ अंशांना वेग वाढवतो. २५५ पैकी हुकमाचे आकडे अनुक्रमे ७५, १२५, १७५ आणि २५०. खाली येताना मात्र प्रत्येक पायरीला पाच अंशांची सवलत आहे. ५० ला सुरू झालेला पंखा ४५ च्या खाली गेल्यावरच थांबतो. ही सवलत नसती तर ४९ आणि ५० च्या सीमेवर तो सतत चालू-बंद होत राहिला असता. हे सगळे आकडे एका साध्या फाइलीत बदलता येतात आणि अधिकृत कागदपत्रांत नीट लिहिलेले आहेत. अल्पमोली यंत्राने महागड्या बोर्डांना दिलेला हा धडाच आहे.

तिसरी गोष्ट, कोणत्या पंख्याने कोणाचे तापमान पाहावे. खेळताना डब्यातली बहुतेक उष्णता ग्राफिक्स कार्ड ओकते, पण अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये डब्याचे पंखे प्रोसेसरच्या किंवा बोर्डाच्याच तापमानाला बांधता येतात. परिणामी कार्ड घुसमटते आणि पुढचे पंखे स्वस्थ असतात. ‘फॅन कंट्रोल’सारख्या साधनांचा सर्वांत मोठा उपयोग इथे होतो. दोन्ही तापमानांतले जे जास्त हुकूम देईल ते माना, असे त्यांना सांगता येते.

आणि एक बारीक गोष्ट. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १००० फेरे घेतो तेव्हा पात्यांचा सूर सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा असतो. शेजारचा तसाच पंखा १०३० वर असेल तर त्याचा १२०. हे दोन सूर एकमेकांत मिसळून सेकंदाला साडेतीन वेळा फुगणारी-ओसरणारी घुमघुम तयार करतात. तंबोरा लावणाऱ्याचा कान ती लगेच ओळखेल. उपाय सोपा आहे. दोन्ही पंख्यांचे वेग एकमेकांपासून चांगले दूर ठेवावेत.

ग्राफिक्स कार्डांवर २०१४ च्या सुमारास असूसच्या ‘स्ट्रिक्स’ मालिकेने हलक्या कामात पंखा पूर्ण थांबवण्याची रीत रुळवली आणि इतरांनी ती उचलली. शांततेसाठी हा पर्याय उत्तम आहे. फक्त सुरू होण्याच्या तापमानाभोवतीच कार्ड घुटमळत असेल तर पंखा दर मिनिटाला झटका देऊन उठतो आणि निजतो. त्यापेक्षा ६०० फेऱ्यांवर अखंड फिरलेला बरा.

आजच्या यंत्रांत पंख्याचा स्वभाव विक्रीनंतरही बदलतो. सोनीच्या यासुहिरो ओतोरी यांनी २०२० मध्ये सांगितले की नव्या खेळांतले चिपेचे तापमान पाहून प्लेस्टेशन ५ च्या पंख्याचे नियंत्रण इंटरनेटवरून सुधारले जाईल. व्हॉल्व्हच्या ‘स्टीम डेक’ या हातात धरून खेळायच्या संगणकाच्या पहिल्या ग्राहकांची पंख्याच्या आवाजाबद्दल तक्रार होती. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने ३.२ आवृत्ती आणली आणि पंखा फर्मवेअरकडून काढून ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिला. हलक्या कामात तो शांत झाला. ज्याला जुनीच व्यवस्था हवी त्याच्यासाठी सेटिंगमध्ये परतीचे बटणही ठेवले. ते बटण ठेवणे ही कौतुकाची गोष्ट आहे.

ॲपलचे प्रकरण वेगळ्या अंगाने बोलके आहे. जुलै २०१८ मध्ये कोअर आय ९ प्रोसेसरचा मॅकबुक प्रो आला. यूट्यूबर डेव्ह ली यांनी चित्रफितीत दाखवले की जड कामात तो इतका मंदावतो की मूळ गतीच्याही खाली जातो, आणि यंत्र फ्रीजरमध्ये ठेवले की वेग वाढतो. काही दिवसांतच ॲपलने मान्य केले की फर्मवेअरमध्ये एक डिजिटल किल्ली राहून गेल्याने उष्णतेचे नियोजन बिघडले होते, आणि दुरुस्ती पाठवली. म्हणजे धातू, पंखा, चिप सगळे तेच ठेवून केवळ सॉफ्टवेअरने यंत्राची गती बदलली. मॅकचे पंखे उशिरा जागे होतात अशी अनेकांची जुनी तक्रार होतीच. हेंड्रिक होल्टमान यांचे ‘एसएमसी फॅन कंट्रोल’ त्यासाठीच प्रसिद्ध झाले. त्यात किमान वेग वाढवता येतो, ॲपलने ठरवलेल्याच्या खाली मात्र नेता येत नाही. वापरणाऱ्याला यंत्र अधिक थंड ठेवण्याचे स्वातंत्र्य आहे, जाळण्याचे नाही.

थिंकपॅड लॅपटॉपांसाठीचा लिनक्सचा ड्रायव्हर याच्याही पुढे गेला. पंख्याला शून्य ते सात असे टप्पे आहेत, पण आपण होऊन परवानगीचा पर्याय चालू केल्याशिवाय ड्रायव्हर हात लावू देत नाही. शिवाय एक पहारेकरी नेमता येतो. १ ते १२० सेकंदांपैकी ठरवलेल्या वेळात प्रोग्रॅमकडून नवा हुकूम आला नाही, तर तो प्रोग्रॅम मेला असे धरून ड्रायव्हर पंखा सुरक्षित स्थितीत नेतो. याउलट साध्या स्क्रिप्टला कोणी सक्तीने ठार केले, तर पंखा शेवटच्या हुकमावरच अडकून राहतो. पंख्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरची पारख याच एका प्रश्नावर व्हावी. ते मेल्यानंतर पंखा कोणाचे ऐकतो?

सर्व्हरांच्या जगात हा प्रश्न जवळजवळ उलटा उभा राहतो. तिथे आवाजाची फिकीर नाही. दीड-पावणेदोन इंच उंचीच्या सर्व्हरात ४० मिलिमीटरचे पंखे मिनिटाला पंधरा हजारांहून जास्त फेरे घेतात. वापरलेले सर्व्हर स्वस्तात घरी आणणाऱ्यांना पहिल्या रात्रीच ते कळते. डेलच्या सर्व्हरात अनोळखी कार्ड बसवले तर पंखे आपोआप चढतात, कारण त्या कार्डाचे तापमान व्यवस्थेला कळत नाही आणि ती वाईटातले वाईट धरून चालते. ही सावधगिरी रास्त आहे. मात्र पंखे हाताने उतरवण्याचे जे हुकूम लोकांना ठाऊक झाले होते, ते पुढे ‘आयड्रॅक ९’ या डेलच्या सर्व्हर-नियंत्रण व्यवस्थेच्या नव्या आवृत्त्यांमधून बंद केले गेले. सुपरमायक्रोच्या बोर्डावर संथ, शांत पंखा लावला की दुसरीच गंमत होते. वेग ठरलेल्या किमान मर्यादेखाली जाताच बोर्ड पंखा बिघडला असे मानून सगळे पंखे पूर्ण जोरात सोडतो, वेग वाढलेला पाहून पुन्हा उतरवतो, आणि हे चक्र चालूच राहते. ती मर्यादा बदलली की सगळे शांत होते.

डेटा सेंटरांत आत येणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी, अशी ‘ॲशरे’ या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. घरगुती संगणकांचे तयार कर्व्हही अशाच माफक खोलीसाठी आखलेले असतात. चंद्रपूर, नागपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर नसलेली खोली ४० अंशांची होते, तेव्हा त्या कर्व्हचा पाया हलतो. हवेने थंड होणारी चिप खोलीच्या तापमानावर ठरावीक अंश चढते. २० अंशांच्या खोलीत ६५ वर राहणारी चिप ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८५ च्या आसपास जाणार. कोणतेही सॉफ्टवेअर हा फरक पुसू शकत नाही, पण उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा असे दोन कर्व्ह जपून ठेवणे या साधनांत सहज जमते. विदर्भातल्या संगणकाला त्याची खरोखर गरज आहे. धुळीचेही तसेच. त्याच कामाला, त्याच ऋतूत, गेल्या वर्षी ९०० वर फिरणारा पंखा यंदा १३०० वर जात असेल तर जाळी साफ करायची वेळ झाली, हे नोंदींतला आकडा डोळ्यांआधी सांगतो.

एकंदर पाहता चांगल्या व्यवस्थेचे चित्र आता पुरेसे स्पष्ट आहे. चिपेची स्वतःची राखण कोणालाही बंद करता येऊ नये. पंख्याचा रोजचा कारभार फर्मवेअरकडे असावा, कारण ते सर्वांत शेवटी मरते. आणि वापरणाऱ्याला कर्व्ह बदलण्याचा, सेन्सर निवडण्याचा, किमान वेग वाढवण्याचा अधिकृत, कागदोपत्री लिहिलेला मार्ग हवा. यातले काहीही स्वप्नरंजन नाही. फ्रेमवर्क कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या लॅपटॉपच्या एम्बेडेड कंट्रोलरचे फर्मवेअर खुले केले. सिस्टिम ७६ नेही आपल्या काही लॅपटॉपांवर खुले फर्मवेअर दिले आहे. तिथे पंख्याचा कर्व्ह कोणीही वाचू आणि सुधारू शकतो.

डेस्कटॉप बोर्डांसाठी तर नवे काही शोधायचीही गरज नाही. हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या बोलाचालीचे नियम ठरवणाऱ्या ‘एसीपीआय’ मानकात २००९ च्या चौथ्या आवृत्तीपासून पंख्याची माहिती विचारण्याचे, त्याचे टप्पे जाणण्याचे आणि वेग ठरवण्याचे मार्ग लिहिलेले आहेत. बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये ते भरले, तर विंडोज आणि लिनक्स दोघांनाही चिपेच्या दारात घुसावे लागणार नाही. दुकानातून आज आणलेल्या बहुतेक डेस्कटॉप मदरबोर्डांत मात्र हे मार्ग अजून रिकामेच आहेत.